आमवातावरील एका औषधाचा इतिहास

आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा. सांधा दुखला कीं हळदीचा लेप लावावा, हें येथें प्रत्येक घरास ठाऊक आहे. परंतु आमवात लेपानें हटत नाहीं. सकाळीं मूठ वळत नाहीं, मनगटें सुजतात, आणि पुढें बोटें वांकडीं होतात. माधवकरानें ‘माधवनिदाना’त या रोगास स्वतंत्र स्थान दिलें, त्यास हजारांहून अधिक वर्षें झालीं. प्रभावी औषध मात्र फार उशिरां सांपडलें.

अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉक्टर फिलिप हेंच यांना १९२९ सालीं दिसलें कीं, कावीळ झालेल्या रोग्याच्या सांध्यांस उतार पडतो. शरीरांतच कांहीं शामक द्रव्य असावें, असा त्यांनीं तर्क केला. त्यांचे सहकारी केंडॉल यांनीं मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून असें एक द्रव्य वेगळें केलें होतें. तें कॉर्टिसोन २१ सप्टेंबर १९४८ रोजीं एका २९ वर्षांच्या जखडलेल्या स्त्रीस टोचलें. थोड्याच दिवसांत ती हिंडूंफिरूं लागली! १९५० सालीं हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि ही रोगमुक्ति नव्हती, आणि हेंच यांनींही तसा दावा केला नाहीं. औषध थांबलें कीं रोग परते; पुष्कळ काळ चालविलें तर चेहरा वाटोळा होई, हाडें ठिसूळ होत, रक्तांतील साखर वाढे, साधा संसर्गही बळावे.

माझ्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंस कोणीसें बिननांवाच्या पुड्या दिल्या. आठ दिवसांत त्या पुन्हां भाकरी थापूं लागल्या. घरांत जणूं सण झाला. दोन वर्षांनीं न्हाणीघरांत नुसत्या घसरल्या, तों मांडीचें हाड मोडलें. पुडींत स्टेरॉइड होतें, हें मागाहून कळलें. मुलानें रागानें पुड्या एकाएकीं बंद केल्या, तेव्हां तर प्राणावरच बेतलें. कारण बाहेरून आयतें मिळूं लागलें म्हणजे शरीराची ग्रंथि आपलें काम विसरते. म्हणून हें औषध बंद करावयाचें तेंही डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, हळूहळू.

आज मेथोट्रेक्सेटसारखीं औषधें रोगाची मूळ गति रोखतात. परंतु त्यांचा गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात. तोंवर अल्प मात्रेंत, अल्प काळ स्टेरॉइड देणें योग्यच. दोष औषधाचा नव्हे, आपल्या उतावळेपणाचा आहे. जी पुडी आठ दिवसांत चालावयास लावते, तिचें नांव आधीं विचारावें, एवढेंच माझें सांगणें.