आईचं मीठ, बाळाची बुद्धी

पार्सेजवळच्या आगरवाड्याची मिठागरं जुनी. मीठ समुद्राचं, म्हणजे त्यात आयोडीन असणारच, असं आपण बायका धरून चालतो. पण साध्या खड्या मिठात ते नगण्य असतं. उपवासाच्या सैंधवातही तेच.

हे का सांगते? पहिले तीनेक महिने गर्भाची गलग्रंथी स्वतःचं संप्रेरक बनवत नाही. मेंदूची घडण मात्र तेव्हाच सुरू होते, ती आईच्या संप्रेरकावर. आईला आयोडीन फार कमी पडलं, तर बाळाचं ऐकणं, बोलणं, बुद्धी उणी राहू शकते. आणि आपण बोट दाखवतो पूर्वकर्माकडे, नाहीतर सुनेकडे!

हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात, घरोघरी गलगंड होते. तिथं 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी लोकांना आयोडीन घातलेलं मीठ देऊन पाहिलं. गलगंड घटले. त्यावरूनच 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. कर्म तेच होतं, मीठ तेवढं बदललं.

आपल्या जैन घरात मासळी नाही, अंडं नाही. दुधाखेरीज आधार मिठाचाच. महावीर जयंतीला त्रिशलामातेची स्वप्नं आपण भक्तीनं ऐकतो. तितक्याच भक्तीनं गरोदर सुनेच्या ताटातलं मीठ कोणतं, तेही बघू या.