साहेबांचं दळण

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेली माझी भाची परवा सांगत होती, त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक टेबल आहे. लाईट बिल, पासपोर्टचा अर्ज, गाडीची सर्व्हिसिंग, इस्त्रीचे कपडे, काय हवं ते तिथं नोंदवायचं. कंपनीनं नेमलेली माणसं काम करून आणतात. कॉन्सिअर्ज म्हणतात त्याला. कर्मचाऱ्याचं डोकं घरच्या कटकटीतून मोकळं राहावं, हा हेतू. "मावशी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?" असं तिनं विचारलं. मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी फायलींत गेली. नव्हतं असं कसं म्हणू? होतं की. चांगलं दीडशे वर्षांचं होतं. फक्त ते कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येत नव्हतं.

माझी नोकरी झाली त्या वाशीमचंच घ्या. वाशीमला जिल्हा 1 जुलै 1998 ला मिळाला, असं आपण म्हणतो. खरं तर तो परत मिळाला. 1853 च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पुढे वऱ्हाडाचे जे सहा जिल्हे झाले त्यांत 'बाशीम', म्हणजे वाशीमच, हा एक होता. 1905 मध्ये सहाचे चार केले, तेव्हा बाशीमचा जिल्हा मोडून हे गाव अकोल्यात घातलं. म्हणजे डेप्युटी कमिशनर, त्याची कचेरी, त्याचा बंगला आणि बंगल्यावरची माणसं हे सगळं या गावानं एकदा बघून घेतलेलं आहे. साहेबाबरोबर पट्टेवाला आला. छातीवर आडवा पट्टा, त्यावर पितळी बिल्ला, पगार सरकारचा. टपाल पोचवायचं, दाराशी बसायचं, वर्दी द्यायची, हे त्याचं काम. पण साहेबाची कचेरी आणि साहेबाचं घर यांच्यामध्ये कुंपण असं नव्हतंच. हिवाळ्यात साहेब दौऱ्यावर निघाला की राहुट्या, पेट्या, खाट, भांडी सगळं हलायचं. वाटेतल्या गावांनी गाड्या द्यायच्या, ओझ्याला माणसं द्यायची, कोंबड्या-दूध पुरवायचं. नियमानं त्याचे पैसे होते. ते गावकऱ्याच्या हातात किती पडायचे, हे ज्याला सरकारी कामकाज ठाऊक आहे त्याला सांगायला नको.

ही फुकटची राबणूक सगळ्यात जास्त कुणाच्या अंगावर पडली, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. वतनदार महारांसाठी त्यांनी दुरुस्तीचं विधेयक आणलं होतं. महारानं सरकारी कामासाठी दिवसा-रात्री केव्हाही हजर राहायचं, तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं, आणि मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा नि गावाकडून मिळेल ते धान्य. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, त्यामुळे ते विधेयक आमच्या बाजूला लागू झालं नसतं. पण ज्याच्या नोकरीला घड्याळच नाही असा माणूस इकडेही गावोगाव होता. सांगावा धाडायचा, सामान उचलायचं, साहेबाचं घोडं धरायचं, ही कामं तोच करायचा.

स्वातंत्र्यानंतर पट्टेवाल्याचा शिपाई झाला, वर्ग चार झाला, मग गट ड झाला. पेन्शन आली, संघटना आली. पट्टा गेला, पण बंगला राहिला. मी नोकरीला लागले तेव्हा एका वरिष्ठांच्या घरचं दळण, रॉकेल, गॅसचा नंबर आणि मुलांना शाळेत सोडणं हे सगळं एका शिपायाकडे होतं. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. हजेरीपटावर सही कार्यालयात, काम बंगल्यावर. सेवापुस्तकात याची एक ओळ सापडायची नाही. मामांना याचं फारसं वाईट वाटत नव्हतं, हेही सांगते. बंगल्यावर असणाऱ्याची बदली लांब होत नसे, आणि कार्यालयात त्याच्याशी कुणी वाकड्यात जात नसे. फायदा दोन्हीकडून होता, पण बरोबरीचा नव्हता.

मग आमच्यासारख्या मधल्यांचं काय? 1998 ला माझी नेमणूक वाशीमला झाली आणि बिऱ्हाड अकोल्यातच राहिलं. पातूर-मालेगाववरून ऐंशी किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. सकाळची एसटी हे आमचं दुसरं कार्यालय होतं. भाजी निवडणं, स्वेटर, बिशीचे हिशोब सगळं पातूरच्या घाटात उरकायचं. अकोल्याच्या दुकानातून औषध आणायचं राहिलं तर ते दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचं आणि स्टँडवर उतरवून घ्यायचं. खेड्यातले आईबाप शहरात शिकणाऱ्या पोरांचा डबा एसटीनं पाठवायचे, तीच रीत. पावती नाही, तरी हरवल्याचं आठवत नाही.

दुसरा आधार पतसंस्थेचा. पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था ही गोष्ट बाहेरच्यांना रटाळ वाटते. पण 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात कलम 49 आहे. कर्मचाऱ्यानं लिहून दिलं की मालकानं पगारातून हप्ता कापून संस्थेला द्यायचाच. त्या एका कलमावर कितीतरी मुलींची लग्नं आणि मुलांच्या फिया उभ्या राहिल्या. दिवाळीत तेलाचा डबा आणि साखर संस्थेकडून घ्यायची, पैसे हप्त्यानं फेडायचे. बँकेच्या रांगेतून आणि सावकाराच्या पायरीवरून सोडवणारी सोय आम्ही आमच्याच वर्गणीतून उभी केली, कुणा साहेबाची मेहेरबानी नव्हती. बाकी माझं कॉन्सिअर्ज म्हणजे सासूबाई. त्यांचा पगार कुणीच कापला नाही, कारण तो नव्हताच.

वरच्यांची सोय काढून घ्यायचे प्रयत्न अधूनमधून होत राहिले. शिपायाला साहेबाच्या घरी राबवायची पोलिसांतली ऑर्डर्ली पद्धत तमिळनाडूनं 1979 मध्येच कागदावर बंद केली. 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तेच पुन्हा बजावावं लागलं. रेल्वेनं अधिकाऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बंगला-खलाशांची नवी भरती थांबवली ती थेट ऑगस्ट 2020 मध्ये.

त्याच वर्षी आमच्या पदरातही काहीतरी पडलं. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. बदल्यात रोजचं काम पाऊण तासानं वाढलं: सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15. शिपायांसाठी मात्र वेगळी वेळ छापली होती, 9.30 ते 6.30. दार उघडायला कुणीतरी आधी यायला हवं आणि लावायला मागं थांबायला हवं, हे बरोबरच. आदेशाची प्रत आली तेव्हा जो तो शनिवारची यादी करायला बसला. दळण, बँक, दाताचा डॉक्टर, झोप. मामा कधीचेच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या पोराला मी विचारलं, तू काय करणार रे शनिवारी?

"शनिवारी सायबाच्या घरी पाहुने हायेत ना मॅडम," तो म्हणाला.