विजापूरचा सोनेरी कोनाडा आणि इंदापूरचा कुंचला

बारामती म्हटली की मोरोपंत आठवतात, इंदापूर म्हटले की मालोजीराजे. आजचा धागा या मुलखाच्या एका विस्मृत वारशाविषयी आहे : हाताने रंगवलेली इस्लामी नक्षी.

इ. स. १६३६. निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. पुणे, सुपे, इंदापूर हे परगणे त्यांच्या जहागिरीत होते. यांतले सुपे आज बारामती तालुक्यात येते. थोडक्यात, या भागाचा दरबार आता विजापूरला होता.

त्याच सुमारास, हिजरी १०४५ मध्ये, मुहंमद आदिलशहाच्या आज्ञेने तिथल्या जामा मशिदीचा मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, सोन्याने आणि रंगांनी मढवण्यात आला. रंगाऱ्यांची करामत पाहा. मोठ्या कोनाड्याभोवती त्यांनी चित्रातले लहान कोनाडे उभे केले. कुठे ग्रंथ रचून ठेवल्याचा भास, कुठे फुलांनी भरलेली पात्रे, कुठे साखळीने टांगलेले दिवे. माणूस किंवा प्राणी एकही नाही, तरी भिंत नांदती वाटते! पुढे दहाएक वर्षांनी आसार महालाच्या वरच्या दालनांतही अशाच फुलदाण्या आणि वेली उमलल्या.

आज असे काम करू पाहणारे अनेक तरुण चित्रकार मोरोक्को किंवा इस्फहानची छायाचित्रे समोर ठेवतात. त्यात गैर काही नाही. पण दख्खनचा हा भरघोसपणा तिथे सापडणार नाही, आणि तो आपल्या अधिक जवळचा आहे.

भूमितीचा पाया मात्र सर्वत्र सारखाच. वर्तुळ काढा; कंपासचे माप न बदलता परिघावर खुणा करत गेलात की नेमके सहा भाग पडतात. आठ टोकांची चांदणी हवी असेल तर वर्तुळात एक चौरस आणि त्यावर ४५ अंशांत वळवलेला दुसरा. रेषा पुढे वाढवा, हव्या तेवढ्या ठेवा, मूळ वर्तुळ पुसून टाका. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरात हे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. तिथेही आधाराचे ठिपके शेवटी रेषांत हरवतात. (जाता जाता : ‘नक्षी’ आणि ‘नकाशा’ हे दोन्ही शब्द अरबी ‘नक्श’पासून आले आहेत.)

इंदापूरहून सोलापूरमार्गे विजापूर एका दिवसात गाठता येते. गेलात तर इब्राहिम रोजाच्या दगडी जाळ्या आतून, ऊन असताना पाहा. तिथे अक्षरे दगडात राखली आहेत आणि त्यांच्यामधली जागा कोरून काढली आहे, त्यामुळे उजेड अक्षरांच्या फटींतून आत येतो. कागदावर हा परिणाम साधायचा तर अक्षर कोरे ठेवून भोवतालची जागा रंगवावी लागते.