मोसमी वारा, जल आणि पवनऊर्जा : शहापूर-मुरबाडचा ऐतिहासिक संदर्भ

शहापूर व मुरबाड तालुक्यांचा आधुनिक इतिहास नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याशी निगडित आहे. सह्याद्रीला अडून हा वारा पाऊस देतो. त्यावरच मुंबईसाठी तानसा (१८९२) व पुढे भातसा ही धरणे शहापुरात उभी राहिली. भातसावर १५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्रही आहे. साताऱ्यातील वनकुसवडे पठारावर हाच वारा पवनचक्क्या फिरवितो. वाऱ्याचा वेग १० टक्के घटल्यास त्यातील ऊर्जा सुमारे २७ टक्के घटते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पश्चिम घाटात ही घट लक्षणीय आहे. धरणांच्या या तालुक्यात पाड्यांना उन्हाळ्यात टँकरचीच प्रतीक्षा असते. मोसमी अभिसरण क्षीण झाल्यास पाणी व वीज या दोहोंची झळ प्रथम त्यांनाच बसेल. ऊर्जा-नियोजनाने हा इतिहास विसरता कामा नये.