माशांच्या टाकीत दगड का टाकले?

रिसर्चची तयारी करताना 'रिसर्च गॅप' हा शब्द तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. ती गॅप ओळखायची कशी, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज एका उदाहरणावरून ते बघूया. हॅचरीत वाढणाऱ्या माशांच्या टाकीत चार दगड टाकून बघायला हवेत, हे सुचायला सव्वाशे वर्षं का लागली, याची ही गोष्ट.

नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर, आरेंडालजवळच्या फ्लोडेव्हिगेन इथे १८८२ मध्ये गुंडर डॅनेविग या जहाजाच्या कप्तानाने कॉड माशाची हॅचरी सुरू केली. त्यामागचा हिशोब सरळ होता. कॉडची एक मादी लाखो अंडी घालते आणि समुद्रात त्यातली जवळजवळ सगळी वाया जातात. मग अंडी आपणच सांभाळून उबवली आणि पिल्लं समुद्रात सोडली, तर मासे वाढणारच! पोटाला अजून बलकाची पिशवी असलेली ही इवलीशी पिल्लं कोट्यवधींच्या संख्येने सोडली गेली.

आता एक प्रश्न विचारा. या कामाचं यश कशावरून ठरत होतं? किती पिल्लं सोडली, यावरून. हा आकडा हॅचरीतच मिळतो आणि तो नेहमी मोठाच असतो. सोडलेल्यांपैकी जगली किती, हे कळायला समुद्रात उतरून वेगळं मोजावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योहान योर्ट या शास्त्रज्ञाने नेमकी हीच शंका काढली आणि त्यावरून त्याचा नि डॅनेविगचा चांगलाच वाद झाला.

वाद मिटवायला डेटा हवा होता. १९१९ पासून आल्फ डॅनेविगने दर शरद ऋतूत ठरलेल्या जागी किनाऱ्यावरून जाळं ओढून लहान मासे मोजायला सुरुवात केली. आपल्या कोकणातली रापण डोळ्यांसमोर आणा, साधारण तीच पद्धत. जवळपास पन्नास वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर पिल्लं सोडल्याचा परिणाम त्यात दिसेना. १९७१ मध्ये हे काम थांबलं. मोजणी मात्र आजही चालू आहे.

पुढे १९८० च्या दशकात कॉडची पिल्लं बरीच मोठी करून सोडणं जमू लागलं. नॉर्वेतल्या मास्फ्योर्डेनमध्ये तसा मोठा प्रयोगही झाला, पण तिथलाही कॉड टिकाऊ म्हणावा इतका वाढला नाही. त्याचं एक कारण म्हणजे तिथल्या अन्नाची मर्यादा. दुसरी शंका खुद्द माशावरच होती. हॅचरीतलं पिल्लू उघड्याबोडक्या टाकीत वाढतं. खाणं वरून, ठरल्या वेळी पडतं. लपायला जागा नाही, शिकार करायची गरज नाही. असा मासा बाहेर गेल्यावर काय करेल?

या शंकेचं शास्त्र माशांच्या अभ्यासातून आलेलं नाही, ते उंदरांच्या अभ्यासातून आलं. १९४७ मध्ये डोनाल्ड हेब यांनी सांगितलं, की घरात मोकळे वाढलेले उंदीर पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा कोडी चांगली सोडवतात. १९६० च्या दशकात बर्कलीमध्ये मार्क रोझेनझ्वाइग, मॅरियन डायमंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की खेळणी आणि सोबती मिळाले तर उंदराच्या मेंदूचं बाह्यावरण जाड होतं. माशाचा मेंदू तर आयुष्यभर वाढत राहतो. म्हणजे माशांवर हे करून बघायलाच हवं होतं.

२००५ मध्ये व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि अ‍ॅन ग्रो साल्व्हानेस यांनी पुन्हा कॉडच घेतला. काही टाक्यांमध्ये दगड वगैरे रचना ठेवली, अन्न मिळण्यातही बदल ठेवला. अशा टाकीतले मासे ताणातून लवकर सावरले आणि जिवंत भक्ष्य लवकर खायला लागले. २००६ मध्ये किहस्लिंगर आणि नेव्हिट यांनी स्टीलहेड ट्राउटच्या पिल्लांच्या टाकीत फक्त दगड ठेवले, तर त्या पिल्लांचा लहान मेंदू मोठा झाला. २०१३ मध्ये साल्व्हानेस यांच्या गटाला दगड आणि वनस्पतींच्या टाकीतले सामन मासे चक्रव्यूहात कमी चुका करताना दिसले.

मग प्रश्न सुटला? इतक्यात नाही. निष्कर्ष माशाची जात, वय आणि टाकीतली रचना यांप्रमाणे बदलतात. दगडांत घाण साचते, सफाई अवघड होते, त्यामुळे हॅचरीवाले नाखूश असतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चक्रव्यूहातलं यश हेही प्रयोगशाळेत सोयीने मिळणारं मोजमाप आहे. सोडल्यावर मासा जगतो का, याची उत्तरं अजून संमिश्र आहेत. दगडवाला मासा 'हुशार' निघाला म्हणून खूश झालो, तर 'किती सोडली' मोजणाऱ्या डॅनेविगपेक्षा आपण फार पुढे गेलो असं म्हणता येणार नाही.

तेव्हा प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा एका कागदावर दोन ओळी लिहा. मी काय मोजणार आहे? आणि त्यावरून काय म्हणणार आहे? या दोन ओळींमध्ये जे अंतर दिसेल, तिथे तुमची गॅप शोधा. आणि आल्फ डॅनेविगसारखी दरवर्षी जाळं ओढायची तयारी ठेवा.