आष्ट्याचें दप्तर आणि वाचणारें यंत्र

सांगलीच्या वायव्येस कृष्णेच्या खोऱ्यांत आष्टा हें मोठें गांव आहे. आज तें सांगली जिल्ह्याच्या वाळवें तालुक्यांत मोडतें. १९४९ पूर्वीं हा तालुका सातारा जिल्ह्यांत होता. जिल्हा बदलला, दप्तरें या कचेरींतून त्या कचेरींत गेलीं. पण त्यांतील जुने कागद वाचूं शकणारीं माणसें मध्यंतरीं बहुतेक नाहींशींच झालीं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांमुळें कोणाची नोकरी राहील आणि कोणाची जाईल, ही चिंता आज घरोघर बोलली जाते. कारकुनी ही आपल्या मध्यमवर्गाची पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी असल्यामुळें ती स्वाभाविकच आहे. परंतु लेखणीवर पोट भरणाऱ्यांचा एक धंदा येथें पूर्वींही बसलेला आहे, आणि त्याची हकीकत या प्रसंगीं आठवण्यासारखी आहे.

गांवचें दप्तर कुळकर्ण्याकडे असे व तें मोडींत असे. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधीं रेघ ओढावयाची आणि मग बोरू शक्य तों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें सोडीत जावयाचें, अशी ती लिहिण्याची रीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्दाशब्दांत अंतर नाहीं. लिहिणारास हें जितकें सोईचें, तितकें वाचणारास बिकट. कुळकर्ण्याचा मुलगा बापाशेजारीं बसून नकला करी, चुके, बोलणीं खाई आणि हळूहळू त्याची नजर तयार होई. रयतेला मात्र आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. कुळकर्ण्याचा दरारा वतनांत होता तितकाच या अक्षरांत होता, हें लेखणीवर वाढलेल्या आमच्या घराण्यांनीं तरी नाकारूं नये.

हा धंदा एका दिवसांत गेला नाहीं. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं मोडीचेही खिळे पाडले होते. तरी छापखान्यांत अखेर बाळबोधच रुजली. १९१७ सालीं मुंबई सरकारनें कारभारासाठीं मोडीऐवजीं बाळबोध लिपि स्वीकारण्याचें ठरविलें. पुढें शाळांतूनही मोडी गेली. १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें रद्द झालीं आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे राहिलें. हिशेब ठेवण्याचें काम कायम राहिलें. वंशपरंपरेनें तें एकाच घरांत ठेवणारी व्यवस्था तेवढी मोडली. रयतेच्या दृष्टीनें हें बरेंच झालें.

नंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. जुनीं महसुली व जन्ममृत्यूचीं पुस्तकें उघडलीं गेलीं, आणि त्यांतील पुष्कळशीं मोडींत असल्यामुळें मोडी वाचणाऱ्यांना एकाएकीं बोलावणीं येऊं लागलीं! जातीच्या रकान्यांतील तीन अक्षरें कशीं लागतात यावर एखाद्या मुलाचें शिक्षण व नोकरी अवलंबून होती. जें ज्ञान निरुपयोगी म्हणून टाकलें, त्याच्याच दारीं सरकार व रयत दोघेंही उभीं राहिलीं.

आतां तें ज्ञान यंत्रास शिकविलें जात आहे. रुडकीच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनीं मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा व त्यांचीं बाळबोध रूपें यांचा संग्रह करून, त्यावरून मोडीचें देवनागरींत लिप्यंतर करणारी यंत्रणा २०२५ सालीं पुढें मांडली. शिवकाल, पेशवाई व इंग्रजी अमदानी अशा तिन्ही काळांचे कागद त्यांत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिलेले रुमाल अशा यंत्रानें उघडणार असतील, तर त्यास विरोध करणें म्हणजे कुळकर्ण्याच्या जुन्या मक्त्याचीच तरफदारी होय.

माझी शंका निराळी आहे. यंत्र चुकतें, आणि तें चुकल्याचें ओळखण्यास तयार नजर लागते. ती नजर सोपे कागद शेंकड्यांनीं वाचूनच येते. आणि नेमके सोपे कागदच यंत्र प्रथम वाचून टाकणार. मुरलेल्या वाचकाचें काम कांहीं वर्षें तरी जात नाहीं. उमेदवाराचें आधीं जातें. वकिलाच्या, हिशेबनिसाच्या आणि संगणकाच्या कचेरींतही आजच्या तरुणांपुढें हाच प्रश्न आहे. बापाशेजारची ती जागाच राहिली नाहीं, तर पुढला जाणता यावयाचा कोठून?

म्हणून, जुनीं दप्तरें यंत्राकडे देतांना त्यांतील कांहीं रुमाल मोडी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं राखून ठेवावेत. आधीं त्यांनीं हातानें वाचावें, मागाहून यंत्राचें वाचन ताडून पाहावें, आणि दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यापुढें दोहोंतील फरक मांडावेत. या कामाचा मोबदलाही त्यांना मिळावा. कुळकर्ण्याच्या मुलाला निदान पुढें वतन तरी मिळत असे.