ग्र्योडे : भरतीच्या पाण्यातील ग्रामशासन

जर्मनीच्या उत्तर टोकाला असलेल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या पश्चिम किनाऱ्यालगत, भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या विस्तीर्ण चिखलमैदानांत, दहा सखल भूभाग विखुरलेले असून त्यांना हालिग म्हणतात. त्यांच्याभोवती मुख्य भूमीसारखे उंच बांध नाहीत. त्यामुळे हिवाळी वादळांत समुद्र कुरणांवर चढतो आणि पाण्याबाहेर उरतात ती केवळ वार्फ्ट, म्हणजे माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या माती रचून उभारलेली, घरे व गोठे पेलणारी टेकाडे. ग्र्योडे हे असेच एक हालिग. त्याचे क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस किलोमीटर, वार्फ्ट दोन आणि वस्ती अलीकडच्या काळात दहाजणांच्या आसपास. तरीही ती एक स्वतंत्र ग्रामपालिका असून शेजारचे निर्जन हाबेल हालिगही तिच्याच हद्दीत मोडते.

हा प्रदेश आज दिसतो तसा मध्ययुगात नव्हता. १३६२ च्या महापुराने येथील किनारा फोडला, रुंगहोल्ट ही वसाहत नाहीशी केली, आणि पुढच्या शतकांत बुडालेल्या जमिनीवर साचत गेलेल्या गाळातून हालिगे आकाराला आली. ज्या भरतीने ती घडवली तीच त्यांचे काठ कुरतडत राहिली, आणि या अस्थिरतेतूनच येथील सामुदायिक व्यवस्था जन्मली असे मानण्यास जागा आहे. हालिगांवरील कुरणे दीर्घकाळ सामाईक होती. एखाद्या कुटुंबाचा हक्क ठरावीक तुकड्यावर नसून किती गुरे चारता येतील या वाट्यावर असे, त्यामुळे समुद्राने गिळलेल्या काठाचे नुकसान कोणा एकाचे न राहता सर्वांत वाटले जाई. पाण्याचीही अशीच दक्षता घ्यावी लागे. गुरांसाठी वार्फ्टच्या मधोमध फेटिंग नावाचे तळे खणून त्यात पावसाचे पाणी साठवीत, तर माणसांच्या पिण्याचे पाणी वेगळ्या टाक्यांत ठेवीत. पुराचे खारे पाणी या साठ्यांत शिरले की जीव वाचलेल्यांपुढेही पाण्याचा प्रश्न उभा राही.

फेब्रुवारी १८२५ च्या पुरात हालिगांवरील ७४ माणसे बुडाली. श्लेस्विग तेव्हा डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होते, आणि त्याच वर्षी राजा सहावा फ्रेडरिक याने होगे हालिगला भेट देऊन हानीची पाहणी केली. १८६७ मध्ये हा प्रांत प्रशियात विलीन झाल्यावरही काठांची झीज थांबली नव्हती. हालिगे वाचली तर मुख्य किनाऱ्यावरील लाटांचा मारा कमी होईल, हा विचार हालिगांच्या बचावाचे पुरस्कर्ते ऑयगेन ट्रेगर यांनी आग्रहाने मांडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दगडी काठ व बंधारे बांधण्याच्या कामांना सुरुवात झाली.

ग्र्योडेच्या कारभाराचा खरा विशेष मात्र त्याच्या सभेत आहे. १९४९ च्या जर्मन संविधानाच्या २८ व्या कलमाने ग्रामपालिकांना स्वशासनाची हमी दिली असून, निवडलेल्या मंडळाच्या जागी ग्रामसभा काम करू शकते, असेही त्यात म्हटले आहे. श्लेस्विग-होल्श्टाइनच्या कायद्यानुसार ७० पर्यंत लोकसंख्येच्या पालिकेत लोकप्रतिनिधींचे मंडळ नसतेच. सर्व मतदार मिळून सभा भरते आणि तीच आपल्यातून महापौर निवडते, ज्याचे पद मानद असते. महाराष्ट्रातील ग्रामसभा निवडलेल्या पंचायतीच्या जोडीने असते. येथे ती पंचायतीचीच जागा घेते. ज्या वस्तीला कुरणाचे वाटे एकत्र बसूनच ठरवावे लागत, तिच्यासाठी हे कलम परके नव्हते.

अर्थात दहा माणसांनी कर, नोंदणी आणि हिशेब सांभाळणे शक्य नाही. त्यासाठी आम्ट, म्हणजे लहान पालिकांचा प्रशासकीय संघ, असतो. ग्र्योडे पेल्वोर्म आम्टमध्ये आहे आणि त्याचे कार्यालयीन काम मुख्य भूमीवरील हूझुम शहरातून चालते. त्यावरचा स्तर नॉर्डफ्रीसलंड या १९७० मध्ये स्थापन झालेल्या जिल्ह्याचा. किनारा-संरक्षण हा विषय तर राज्य सरकारचा असून, वाढत्या समुद्रपातळीमुळे हालिगांवरील वार्फ्ट रुंद व उंच करण्याचा खर्चही मुख्यत्वे सरकारी निधीतूनच होतो.